यादीतून खोडलेली खुर्ची

बाळ सहा-सात महिन्यांचं झालं की पहिल्या लांबच्या प्रवासाचा विषय निघतो आणि पाठोपाठ एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो: "बाळासाठी नेमकं काय काय घेऊ?" हा तर दुकानात विचारायचा प्रश्न, तो समुपदेशकाकडे कशाला, असं घरच्यांना वाटतं. मला त्याचं नवल वाटत नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात आईची काळजी पुष्कळदा वस्तूंच्या आडून बोलते. "मला भीती वाटते" म्हटलं तर चार जण समजूत घालायला येतात. "बाबागाडी कुठली घेऊ?" म्हटलं तर निदान उत्तर तरी मिळतं.

कोथरूडची एक आई हिवाळ्याच्या सुरुवातीला अशीच आली. (तिच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नोकरी हिंजवडीत, सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा नुकतीच संपलेली, लेक सात महिन्यांची. सासरचं कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. लेकीला देवाच्या पायावर घालायचं आणि चार दिवस चुलत सासऱ्यांच्या घरी राहून यायचं, असं ठरलं होतं. गाडी घरची. पुण्याहून सातारा, पुढे पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि मग गुहागर. तान्हं मूल बरोबर असलं की सकाळी निघून पोचेपर्यंत संध्याकाळ होते.

तिनं मोबाईलवरची यादी दाखवली. घडीची बाबागाडी, प्रवासी पाळणा, बाटली गरम करायचं यंत्र, स्टरिलायझर, बेबी कॅरिअर (बाळाला छातीशी बांधून न्यायची झोळी), कार सीट (गाडीत बाळाला पट्ट्यांनी बांधून बसवायची खुर्ची), टेबलाला अडकवायची खुर्ची, मानेची उशी. रात्री लेकीला पाजताना ती या वस्तूंबद्दलची मतं वाचायची. लेक झोपली तरी हिचं वाचन चालूच. नवरा म्हणत होता, "चार दिवसांसाठी सगळा संसार न्यायचाय का?" सासूबाई म्हणत होत्या, "आमची पोरं दुपट्यात गुंडाळून एसटीनं गेली, काही झालं नाही." शेवटी घरात तडजोड झाली होती. बाबागाडी घ्यायची आणि कार सीट खोडायची. एक तर ती महाग, वर "एवढ्याशा पोरीला पट्ट्यांनी बांधून ठेवायचं? आईच्या मांडीपेक्षा सुरक्षित जागा असते का कुठे?"

यादीला हात घालण्याआधी मी तिला दुसरंच विचारलं. लेक झोपली की तुम्हाला झोप लागते का? जेवण जातं का? उगाच रडू येतं का? प्रसूतीनंतरच्या उदासीची चाचपणी करायला दहा प्रश्नांची एक एडिनबरो प्रश्नावली आहे, १९८७ पासून वापरात असलेली. तीही भरून घेतली. उदासीची लक्षणं फारशी नव्हती, पण चिंतेच्या प्रश्नांवर तिनं वरचे पर्याय निवडले होते. मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, घाटात आमची गाडी घसरते आणि लेक माझ्या हातून सुटते, असं दिसतं मला. कुणाला सांगितलं तर म्हणतील, शुभ बोल."

असं दृश्य डोळ्यांसमोर येणं ही वाईट आईची खूण नाही आणि अपशकुनही नाही. नव्या आईचं मन धोक्याचा वास सतत घेत असतं, आणि बहुतेक आयांच्या मनात कधी ना कधी असं काही येऊन जातं. ते येतं आणि जातं, तोवर त्यावर बोलून मोकळं होता येतं. तेच दृश्य दिवसभर पाठ सोडेना, झोप आणि खाणं उडालं, बाळाला किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. मनाच्या त्रासावर फोनवरून मदत करणाऱ्या सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो मी प्रत्येक नव्या आईच्या फोनमध्ये साठवून देते.

मग मी तिला म्हटलं, "आता मला प्रवास सांगा. घराचं दार ओढून घेतल्यापासून." ती सांगू लागली. मी तिला घेऊन मागे बसणार. साताऱ्याच्या पुढे तिला भूक लागेल, मी पाजणार. मग मी तिचं लंगोट बदलणार. घाटात मी तिला घट्ट धरणार. तिथं पोचल्यावर मी तिला झोपवणार, मी भरवणार, मी रात्री उठणार. दहा मिनिटांच्या त्या वर्णनात नवरा गाडी चालवत होता, सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या आणि बाकीचं सगळं ती एकटी करत होती. हे मी तिला तिच्याच शब्दांत परत ऐकवलं. ती बराच वेळ गप्प राहिली. यादी एवढी का लांबली, हे मग वेगळं समजवावं लागलं नाही. जिथं दुसरं माणूस हवं होतं, तिथं तिनं वस्तू लिहिली होती.

पुढच्या वेळी नवऱ्याला बोलावलं. मनाच्या गोष्टींत मी निर्णय माणसांवर सोडते, पण सुरक्षिततेच्या प्रश्नावर तटस्थ राहणं मला पटत नाही, म्हणून कार सीटचं सरळ सांगितलं. गाडी ताशी पन्नासच्या वेगात असताना धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आठ किलोचं बाळ धरणाऱ्या हातांना शंभर किलोहून जास्त ओढ बसते. ते कुठल्याच आईला पेलवणार नाही, तिची माया कितीही असो. आपल्या सीटबेल्टच्या आत बाळाला घेणं तर आणखी वाईट, कारण आईचं सगळं वजन बाळावर येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातही चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेलं तर एक हजार रुपये दंड आहे. नवरा इंजिनिअर. त्यानं आकडेमोड स्वतः करून पाहिली आणि मान हलवली.

या वयाच्या बाळाची खुर्ची मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे येईल अशी बसवायची. बाळाचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं आणि मान कोवळी. धक्का बसला की खुर्चीची पाठ तो पाठीवर, मानेवर, डोक्यावर वाटून घेते. निदान सव्वा-दीड वर्षापर्यंत असंच, खुर्चीत मावत असेल तर त्याहून पुढेही. पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर अशी खुर्ची कधीच ठेवायची नाही. पट्टे पाच ठिकाणी बांधणारे हवेत. गळ्याखालच्या आडव्या हाडापाशी पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल आहे. आत जाड स्वेटर किंवा गोधडी नको. थंडी वाटली तर पट्टे लावून झाल्यावर वरून दुपटं घाला. गाडीचा पट्टा खुर्चीतून जिथून जातो तिथं धरून खुर्ची हलवून पाहायची. ती इंचभराहून जास्त हलता कामा नये. विकत घेताना आपल्या गाडीच्या सीटमध्ये खुर्ची अडकवायचे आयसोफिक्सचे हुक आहेत का ते आधी बघायचं, आणि दुकानदाराकडून आपल्याच गाडीत बसवून घ्यायची. खर्च जड वाटत असेल तर पुण्यात बाळाच्या वस्तू भाड्यानं देणारेही आहेत. जुनी खुर्ची मात्र ओळखीच्या माणसाकडूनच घ्या, कारण एकदा अपघातातून गेलेली खुर्ची वरून धड दिसते.

"ती रडली तर?" आईनं विचारलं. रडेल. म्हणूनच दोन तासांनी थांबायचं, तिला खुर्चीतून काढायचं, पाजायचं, जमिनीवर दुपट्यावर लोळू द्यायचं. पाजायला म्हणून चालत्या गाडीत पट्टे सोडायचे नाहीत, गाडी थांबवायची. आडोसा हवा असेल तर एसटीच्या अनेक स्थानकांत हिरकणी कक्ष असतात, कार थांबवून तिथं जायला काहीच हरकत नाही. आणि निघण्याआधी आठवडाभर रोज थोडा वेळ लेकीला त्या खुर्चीत बसवून कोथरूडमध्येच फेरी मारा, म्हणजे घाटात ती खुर्ची तिला परकी वाटणार नाही. घाट लागण्याची भीतीही आईला होती. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी सहसा लागत नाही, त्यामुळे उलटीचं औषध आपल्या मनानं देऊ नका, एवढं सांगून तो विषय संपवला.

बाबागाडीबद्दल मी नवऱ्याला एकच विचारलं: गुहागरला ती चालणार कुठे? तो लहानपणी तिथं उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवलेला. त्यालाच हसू आलं. घरापर्यंत जांभ्या दगडाची पायऱ्यांची वाट, म्हणजे पाखाडी, पुढे अंगण, आणि समुद्रावर गेलं की नुसती वाळू. बाबागाडी विमानतळावर, मॉलमध्ये, सोसायटीच्या फरशीवर खरंच उपयोगी आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. या प्रवासात तीच माणसांना उचलून न्यावी लागली असती.

तिच्याऐवजी कॅरिअर. इथं मात्र स्वस्ताईच्या मोहात पडू नका. दोन मांड्यांमधली पट्टी अरुंद असली की बाळाचे पाय नुसते लोंबतात. पट्टी एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत आधार देणारी हवी, गुडघे ढुंगणाच्या वर, पाय बेडकासारखे. खुब्याच्या सांध्याला ती बैठक मानवते. बाळाचा चेहरा आपल्याला सतत दिसला पाहिजे, हनुवटी छातीला टेकलेली नको, आणि मान किंचित खाली केली की त्याचा पापा घेता येईल इतक्या उंचीवर ते हवं. सगळ्यात महत्त्वाचं, ते कॅरिअर बाबांच्या मापाचं घ्या, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "माझ्या? मला बांधता पण येणार नाही." शिका. घरात पलंगाच्या बाजूला उभं राहून, आधी उशी बांधून, मग लेक. पाखाडी चढताना लेक तुमच्या छातीशी असेल तर हिचे दोन्ही हात मोकळे राहतील.

बाकी यादी भराभर आटोपली. लेक अंगावर पीत होती आणि वाटी-चमच्यानं वरचं खात होती. बाटली घरात नव्हतीच, मग बाटली गरम करायचं यंत्र कशाला? दूध पिण्याच्या बाटल्यांच्या जाहिरातीवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे आणि त्यामागे बाळांच्या जुलाबाचा मोठा इतिहास आहे. स्टीलची वाटी, चमचा, उकळलेलं पाणी थर्मासमध्ये, भाजलेल्या तांदूळ-मुगाची भरड आणि दोन केळी. शिजवलेला मऊ भात डब्यात दुपारपर्यंत ठेवायचा नाही. पाळण्याऐवजी जमिनीवर घट्ट गादी आणि वर छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी; ती तुळशीबागेत मिळते. बाळाभोवती उश्या, लोड, मऊ गोधड्यांचे ढीग नकोत. आणि मुक्कामाला पोचल्यावर लेक कार सीटमध्ये झोपलेली असली तरी उचलून सपाट गादीवर ठेवायची, कारण बसत्या झोपेत मान पुढे पडून श्वास अडू शकतो.

सासूबाई माझ्यासमोर कधी आल्या नाहीत, पण त्यांचा वाटा मला हवा होता. सुनेला सुचवलं की त्यांना खुर्चीबद्दल पटवत बसू नका, दुपट्यांचं काम त्यांच्याकडे द्या. त्यांनी दोन जुन्या सुती नऊवारी फाडून थप्पी शिवली. लोळायला, पुसायला, उन्हाला आडोसा म्हणून, पाजताना पदरासारखं, असं एका दुपट्याइतकं प्रवासात काहीच कामाला येत नाही. त्यात त्यांचा अनुभव आमच्या सगळ्यांपेक्षा मोठा होता. लेकीची पिशवी म्हणजे आपलं खातं, असं त्यांनीच ठरवून टाकलं.

दुचाकीचाही विषय निघाला, पुण्यात तो निघतोच. लेकीला पुढ्यात बांधून जवळच्या देवळापर्यंत स्कूटरवर नेलं तर? फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षं वयाच्या मुलाला हेल्मेट आणि चालवणाऱ्याला जोडलेला सुरक्षा पट्टा लागतो, वेग ताशी चाळीसच्या आत. नऊ महिन्यांखालच्या, मान-पाठ अजून धरत असलेल्या बाळाला दुचाकीवर नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अंतर दोन गल्ल्यांचं असलं तरी.

ते जाऊन आले. लेक खंबाटकीच्या अलीकडे सणकून रडली, दोनदा गाडी थांबवावी लागली, आणि पाटणनंतर झोपली ती थेट चिपळूणला उठली. घाटात आईच्या डोळ्यांपुढे ते दृश्य पुन्हा आलं. तेव्हा तिनं, आम्ही ठरवल्याप्रमाणे, पट्ट्यावर हात ठेवून तो घट्ट आहे ना ते तपासलं आणि खिडकीबाहेर दिसेल त्याची नावं मनात घेतली. भीती पार गेली नाही, पण घाट पार पडला. व्याडेश्वराच्या देवळात लेक बाबांच्या छातीशी होती. गावातल्या एका आजींनी "बापानं बांधलंय पोरीला!" म्हणून नवल केलं, हे तिनं मला दोनदा सांगितलं. रात्रीचं उठणं मात्र अजून बरंचसं तिच्याच वाट्याला आहे. त्यावर आमचं काम चालू आहे.

मार्चमध्ये भावाच्या लग्नासाठी त्यांना दिल्लीला जायचं आहे. या वेळी तिचा प्रश्न असा होता: "विमानातून उतरल्यावर टॅक्सीत लेकीला कसं न्यायचं?" दोन वर्षांखालचं बाळ विमानात मांडीवर बसतं, विमान खाली उतरताना अंगावर घेतलं तर गिळण्यामुळे कानांना बरं वाटतं. आणि टॅक्सीसाठी तीच खुर्ची बरोबर न्या, सामानात ती कशी घेतात हे तिकीट काढतानाच विमान कंपनीला विचारा, असं मी सांगितलं. फोन कंपनीला कोण करणार, असं विचारल्यावर ती म्हणाली, "तो करतोय."