प्राण्याचा पहिला विमानप्रवास

तुमच्या तिकिटात तुमच्या मांजराची किंवा कुत्र्याची जागा धरलेली नसते. केबिनमध्ये एका उड्डाणात मोजकेच प्राणी घेत असल्याने पैसे भरण्यापूर्वीच विमान कंपनीकडून होकार मिळवावा. सामानकक्षातून न्यायचे असल्यास पिंजरा असा हवा की, कान छताला न टेकता प्राण्याला उभे राहता येईल, वळता येईल आणि दार न उघडता बाहेरून पाण्याचे भांडे भरता येईल. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना श्वासाचा धोका असल्याने अनेक कंपन्या त्यांना सामानकक्षातून नेतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. गुंगीचे औषध मात्र पशुवैद्यांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नये. युरोपीय संघात जाताना मायक्रोचिप (प्राण्याच्या कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) आधी व रेबीजची लस नंतर, हा क्रम पाळावा आणि पहिल्या लसीनंतर किमान २१ दिवस जाऊ द्यावेत.