सोव्हिएत रशियात डायव्हिंगचं सामान कोण बनवायचं, आणि ते खरंच भंगार होतं का?

भंगार नव्हतं. तुमच्या प्रश्नातला तो एक शब्द वाचला आणि लिहायला बसलो, कारण तोच शब्द माझा मेहुणा मला गेली पस्तीस वर्षं ऐकवतोय. तो बॉम्बे हायवर कमर्शियल डायव्हर होता, त्याचा सगळा माल अमेरिकन. मी नौदलात, डायव्हिंग गिअरच्या दुरुस्तीवर.

जड हेल्मेटवाल्या पोशाखाची परंपरा तिथे जुनी. १९२३ साली निघालेल्या एप्रॉन या बुडालेली जहाजं वर काढणाऱ्या संस्थेने ती वाढवली. तीन बोल्टांचं तांब्याचं हेल्मेट ही तिची ओळख. पाठीवरच्या सिलेंडरचे सेट मात्र १९५० नंतर आले, आणि ते भलत्याच कारखान्यांतून आले. सोव्हिएत युक्रेनमधल्या लुगान्स्कला खाणीतल्या बचाव पथकांची उपकरणं व्हायची, तिथे ‘उक्राइना’ नावाचा सेट बनला. मॉस्कोच्या पूर्वेला ओरेखोवो-झुयेवो इथे वैमानिकांची ऑक्सिजनची साधनं व्हायची, तिथून ‘एव्हीएम’ या सेटची मालिका निघाली. पोलंडमध्येही हेच काम खाणबचावाचं साहित्य करणाऱ्या ‘फासेर’कडे गेलं, पूर्व जर्मनीत लाइपझिगच्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्याकडे. उच्च दाबाचा सिलेंडर, दाब कमी करणारा रिड्यूसर, रबरी पडदा म्हणजे डायफ्राम हे सगळं त्यांच्याकडे तयारच होतं. कारखान्याच्या सरकारी उत्पादन योजनेत एक ओळ वाढवली की काम सुरू.

आता एव्हीएम-५ बद्दल. ऐंशीच्या दशकात रशियाहून आलेल्या एका जहाजाच्या सामानात असे दोन सेट आमच्याकडे आले. सात-सात लिटरचे दोन पोलादी सिलेंडर, आत साध्या हवेच्या १५० पट दाब. हवं तर वरून नळीने हवा द्यायची आणि नळी तुटलीच तर पाठीवरचे सिलेंडर आहेतच, अशी सोय. सोबत त्यांचा ‘पासपोर्ट’, म्हणजे त्या सेटची जन्मकुंडली, आणि सुट्या भागांची पेटी, जिला आम्ही सगळे रशियन आद्याक्षरांवरून ‘झिप’ म्हणायचो. व्लादिवोस्तोकला ट्रेनिंग करून आलेल्या एका चीफने मला तो पासपोर्ट अक्षर अक्षर लावून वाचायला शिकवला.

दुसऱ्या वर्षी एका सेटचा डायफ्राम चिरला. झिपमधला आधीच वापरून संपला होता. मागणी पाठवली. आठ महिने काहीच नाही, मग उत्तर आलं ते पार्ट नंबर चुकीचा असल्याचं. नंबर बरोबर होता, मी तो पासपोर्टवरूनच उतरवला होता. शेवटी मुंबईच्या नागदेवी बाजारात जाऊन चार दुकानांतून रबराची शीट निवडली, जुन्या डायफ्रामचं माप घेतलं, मधली धातूची चकती तीच बसवली. तीन दिवस टाकीत चाचणी घेतली. चौथ्या दिवशी मुंबईच्या धक्क्याजवळ, जिथे पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही, तो सेट घालून आमचा एक जण जहाजाच्या पंख्यात अडकलेला दोर कापायला उतरला आणि चाळीस मिनिटांनी वर आला. मी तेवढा वेळ नळीजवळ उभा होतो. मेहुणा म्हणतो, ‘सुटा भाग मिळत नाही तो माल कसला?’ मी म्हणतो, ज्याची आतली रचना बघून हाताने दुरुस्ती करता येते तोच माल. त्याच्या रेग्युलेटरला, म्हणजे श्वासाला हवा सोडणाऱ्या भागाला, काही झालं की ते सिंगापूरला जायचं.

तरीही त्याच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे, ती मला मान्य करायला वेळ लागला. सुटे भाग मिळत नव्हतेच. पण तो दोष रशियन कारागिराचा नव्हता, कामगिरी मोजायच्या पद्धतीचा होता. कारखान्याची कामगिरी पूर्ण सेटवर मोजली जायची. वेगळे डायफ्राम आणि वॉशर बनवून योजना भरत नसे. १९६७ पासून तिथे मालावर गुणवत्तेचं चिन्ह मारायला लागले, पण चिन्हाने सुटा भाग येत नाही.

सामान्य माणसाचे हाल वेगळेच. लष्कराला आधी, मग १९५१ साली स्थापन झालेल्या दोसाफच्या, म्हणजे नागरिकांना लष्करी कामाचं आणि खेळांचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या, क्लबांना. बाकीच्यांनी घरी बनवायचं, आणि त्यांनी ते बनवलंही. खाणींच्या दोनेत्स्क शहरातल्या हौशी पाणबुड्यांनी १९६६ साली क्रिमियात तारखानकुटजवळ पाण्याखाली राहण्याचं घर उतरवलं, ‘इख्तियांद्र’. कोणत्याही मंत्रालयाने ते सुरू केलं नव्हतं. त्या लोकांच्या हातातल्या मालाला भंगार म्हणायची माझी छाती होणार नाही.

एक सांगायचं राहिलं. कुणी जुना एव्हीएम विकत असेल तर शोभेला घ्या, पाण्यात नेऊ नका. सिलेंडरच्या हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने घेतलेल्या चाचणीची, मुदत आणि रबर दोन्ही संपलेलं असतं. आणि आयडीए-५९ हा पाणबुडीतून निसटायचा सेट असेल तर त्याचं रासायनिक काडतूस उघडू नका. ते श्वासातल्या ओलाव्यावर ऑक्सिजन सोडतं, पण त्याला तेल लागलं की पेट घेतं. २००० साली रशियाच्या कुर्स्क पाणबुडीत स्फोटानंतर नवव्या कप्प्यात जिवंत राहिलेल्या माणसांमध्ये आग लागली ती अशाच काडतुसाला तेलकट पाणी लागून.