घरात चार कॅमेरे, आणि मुलीला काय त्रास होतोय ते कुणालाच माहीत नाही

"मॅडम, हल्ली बातम्या बघितल्या की धडधडतं, मुलं घराबाहेर असली की जीव थाऱ्यावर नसतो, हे नॉर्मल आहे का मला काही झालंय?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो. सोबत अजून एक वाक्य ठरलेलं असतं, की काळजी घेणं काय चुकीचं आहे का. अजिबात नाही. पण एक केस सांगते (परवानगी घेतलीय, तपशील बदललेत), त्यातून काळजी कुठे संपते आणि दुसरंच काहीतरी कुठे सुरू होतं ते कळेल.

पन्नाशीकडे झुकलेले एक गृहस्थ. त्यांना बायकोने आणलं होतं, तक्रार एकच, झोप येत नाही. शेजारच्या बिल्डिंगमध्ये चोरी झाली होती, यांच्या घरी काहीच नाही. त्यानंतर दाराला दुसरं लॉक बसलं, मग एक कॅमेरा आला, मग अजून तीन. मोबाईलवर ॲप, कुठे काही हललं की नोटिफिकेशन. मांजर गेलं तरी वाजतं, कुरिअरवाला आला तरी वाजतं, आणि रात्री दोन वाजता वाजलं की हे उठून बसणार, फुटेज मागे नेऊन बघणार, काही नाही म्हणून आडवे होणार आणि परत उठणार. १९ वर्षांच्या मुलीचं लाईव्ह लोकेशन चोवीस तास चालू, आणि तो ठिपका एका जागी जरा जास्त वेळ थांबला की फोन. "कुठे आहेस? कोण आहे बरोबर? व्हिडिओ कॉल कर."

मी त्यांना आठवडाभरात सुरक्षिततेसाठी काय काय केलं ते आठवायला सांगितलं. भराभरा सांगितलं त्यांनी, यादी मोठीच होती. मग विचारलं, यातल्या कशाने धोका कमी झाला आणि काय फक्त मनाला बरं वाटावं म्हणून केलं? चांगलं लॉक लावलं तर धोका कमी होतो. पण तेच फुटेज पाचव्यांदा बघून चोराला काय फरक पडतो? थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पण बघितलं नाही तर राहवत नाही हो."

मुद्दा तोच आहे. तपासलं की दोन मिनिटं बरं वाटतं, आणि मेंदू शिकतो की तपासलं म्हणून वाचलो, पुढच्या वेळी तो अजून जोरात ओरडतो. २००३ साली व्हॅन डेन हाउट आणि किंड्ट या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, लोकांना कॉम्प्युटरवरची खोटी गॅस शेगडी परत परत तपासायला लावली. आठवणीत चुका फारशा वाढल्या नाहीत, पण आठवण पुसट झाली आणि आपल्याला नीट आठवतंय यावरचा विश्वासच घसरला. म्हणजे जास्त तपासाल तेवढी शंका जास्त. हे ऐकून ते पहिल्यांदा हसले, म्हणाले माझं कुलूप असंच आहे, चार वेळा ओढून बघतो आणि लिफ्टमध्ये विसरतो.

बातम्यांचंही तसंच. जे पटकन आठवतं ते नेहमी घडतं असं आपल्याला वाटतं, हे ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच मांडलंय. त्याच दशकात टीव्हीच्या परिणामांचा अभ्यास करणारे जॉर्ज गर्बनर सांगत होते की खूप टीव्ही बघणाऱ्यांना जग आहे त्यापेक्षा जास्त दुष्ट वाटायला लागतं. तेव्हा निदान टीव्ही बंद व्हायचा. आता तुम्ही एक हल्ल्याचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला की फोन तसलेच अजून दहा आणून देतो. पण खरं सांगू का, ही माहिती देऊन कुणाची भीती गेलेली मी फारशी बघितली नाही. घाबरलेला माणूस आकडे ऐकून घेतो आणि मनात म्हणतो, लाखातला तो एक मीच असलो तर?

आता खरी गोष्ट. मुलीला एकटीला भेटले. सुरुवातीला बाबांवर चिडचिड, अपेक्षितच होती. मग हळूच निघालं की कित्येक महिने ओळखीतलाच एक मुलगा तिला धमकावतोय, विश्वासाने पाठवलेला खासगी फोटो सगळीकडे टाकीन म्हणून. घरी सांगितलं का? "वेड लागलंय का मॅडम? आत्ता दहा मिनिटं उशीर झाला तर घर डोक्यावर घेतात, हे कळलं तर माझा फोन जाईल, बाहेर जाणं बंद होईल."

म्हणजे अनोळखी चोरासाठी चार कॅमेरे, आणि ओळखीच्या माणसाकडून होणारा त्रास कुणाच्याच रडारवर नाही. आपण अंधाऱ्या गल्लीला घाबरतो, पण संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात जाणूनबुजून मारल्या गेलेल्या सुमारे ८५ हजार बायका-मुलींपैकी जवळपास ५१ हजारांना जोडीदाराने किंवा घरातल्याच माणसाने मारलं. हा आकडा मी त्या गृहस्थांना सांगितला नाही, एक भीती काढून दुसरी घालायची नव्हती.

मुलीला म्हटलं, तुझी भीती खोटी नाहीये, त्यामुळे आपण ती शांत करत बसणार नाही, काम करणार आहोत. मेसेज डिलीट करायचे नाहीत, स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवायचे, आधी पुरावा मग ब्लॉक, पैसे मागितले तर द्यायचे नाहीत आणि "शेवटचा एक फोटो" तर अजिबात पाठवायचा नाही. स्टॉपएनसीआयआय नावाची एक मोफत सेवा आहे, तिथे फोटो अपलोड करावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सामील झालेले प्लॅटफॉर्म त्यावरून तो फोटो रोखू शकतात. अठरा वर्षांखालच्यांसाठी अशीच टेक इट डाउन आहे. आणि पोलिसांत तक्रार. यातलं बरंचसं ती एकटी करू शकली असती, पण तिला घर पाठीशी हवं होतं, आणि सांगायचं असं तिनेच ठरवलं.

त्याआधी बाबांना वेगळं बोलावलं. एवढंच म्हटलं की मुलगी काहीतरी सांगणार आहे, तुमचं पहिलं वाक्य काय असेल? ते म्हणाले, "कोण आहे तो, बघतो त्याला." म्हटलं हे नको. "मग तू कशाला बोललीस त्याच्याशी?" हे तर नकोच. बऱ्याच वेळाने जमलं, "बरं झालं सांगितलंस." प्रत्यक्षात तेवढं बोलले आणि रडायलाच लागले, तेही चाललं, कारण मुलीने मग सगळं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तिघं मिळून तक्रार करून आले.

झोपेचं काम वेगळं चालू होतं. रात्री नोटिफिकेशन बंद, कुलूप एकदाच बघायचं आणि मग जी घालमेल होते ती सहन करत बसायचं, फोनला हात नाही. ती चढते आणि काही न करता उतरते हे अनुभवल्याशिवाय पटत नाही, पहिल्या काही रात्री त्यांनी मला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या असणार. बातम्या संध्याकाळी एकदा. लोकेशनचं मुलीने ठरवलं, उशीर होणार असेल तर ती स्वतः चालू करते.

हे सगळ्यांना लागू नाही. ज्यांच्यावर स्वतःवर हल्ला झालाय, आणि महिना उलटला तरी तो प्रसंग डोळ्यापुढे येतो, दचकायला होतं, त्यांनी असे घरगुती प्रयोग करू नयेत, सरळ तज्ज्ञाकडे जावं. आणि कुणी खरंच पाठलाग करत असेल तर तिथे समुपदेशन नंतर, आधी मदत.

त्या घरातले दोन कॅमेरे काढले, दोन आहेत. काढा असं मी म्हटलंच नव्हतं. ॲपचा पासवर्ड आता बायकोकडे असतो आणि त्यावरून त्यांची अधूनमधून भांडणं होतात.