ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) हातात पडेपर्यंत भाड्याचं घर सोडू नका

प्रश्न : आम्ही रावेतला 24 हजार भाड्याने राहतो. ताथवड्यात फ्लॅट घेतलाय, आतापर्यंत कर्जासह 52 लाख भरले. नोंदवलेल्या करारात ताब्याची तारीख 31 डिसेंबर 2024 होती. बिल्डर आधी पाडवा म्हणाला, आता दसरा म्हणतोय. "हवं तर फर्निचरसाठी चाव्या आत्ताच घ्या, राहायलाही या," असंही सांगतो. आमचा भाडेकरार 31 ऑगस्टला संपतोय. मालकांना नव्या 11 महिन्यांच्या करारात 6 महिन्यांचं लॉक-इन (तेवढे महिने घर सोडायचं नाही, अशी अट) हवंय. एजंट म्हणतो, करार न करताच दोन-तीन महिने काढा. हप्ता आणि भाडं दोन्ही भरून मेटाकुटीला आलोय. काय करावं?

उत्तर : एजंटचं ऐकू नका. मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 नुसार दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणजे तुमच्या बाबतीत महिना 48 हजार. मालक आज गोड बोलत असतील, पण त्यांना दुसरा भाडेकरू मिळाला की तुमच्या हातात कागद काहीच नसेल. वर घर रिकामं करून घ्यायला ते सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतात.

तेव्हा नवा करार कराच, आणि 11 महिन्यांचाच करा. भांडायचं ते मुदतीवर नाही, लॉक-इनवर. तुमच्या बाजूचं लॉक-इन दोन महिन्यांवर आणा. त्यानंतर एक महिन्याची लेखी नोटीस देऊन निघता येईल, असं कलम घाला. मालकांनी मात्र 11 महिने घर रिकामं करायला सांगायचं नाही. ते अडून बसले तर भाडं हजार-दीड हजाराने वाढवून द्या. सहा महिन्यांत अडकण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. करार नोटरीवर भागवू नका. 11 महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा आपल्याकडचा जुना गैरसमज आहे. याच भाडे कायद्याच्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे अशा भाडेकराराची, नोंदणी सक्तीची आहे, आणि ती करण्याची जबाबदारी मालकाची.

आता निघायचं कधी? दसरा विसरा, बिल्डरचे फोनही विसरा. नोटीस द्यायची ती तुमच्या इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी (इमारतीत राहायला जाण्याची महापालिकेची परवानगी), स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच. महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडून बघा, महापालिकेतही विचारा. पार्ट ओसी असेल तर त्यात तुमचा विंग आणि मजला आहे का, ते वाचा. रेरा कायद्याच्या कलम 19(10) नुसार ओसी मिळाल्यापासून ताबा घ्यायला दोन महिने असतात. एक महिन्याची नोटीस त्यात आरामात बसते. मालकाची नोटीस आणि बिल्डरचा ताबा यांचा मेळ घालायची जागा हीच.

ओसीशिवाय चाव्या घेऊन राहायला जाण्याचा मोह मला समजतो, दोन्हीकडे पैसे भरणाऱ्याला तो होणारच. तरी जाऊ नका. फ्लॅटविक्रीच्या 1963 च्या मोफा कायद्याने असा ताबा देणं जसं चुकीचं ठरवलंय, तसं घेणंही. शिवाय एकदा सही केलीत की बिल्डर म्हणणार, "ताबा तर त्याच दिवशी दिला," आणि तुमचं विलंबाचं व्याज तिथेच वादात अडकणार.

ते व्याज सोडू नका. रेरा कायद्याच्या कलम 18 नुसार तुम्हाला फ्लॅट ठेवूनही, ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागता येतं. महाराष्ट्रातला दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (कर्जाचा व्याजदर ठरवण्यासाठीचा बँकेचा आधारदर) अधिक 2 टक्के. समजा तो 11 टक्के धरला, तर 52 लाखांवर महिन्याला साडेसत्तेचाळीस हजारांच्या आसपास होतात, तुमच्या भाड्याच्या जवळजवळ दुप्पट. "महारेराने मुदतवाढ दिलीय" हे उत्तर मिळेल, पण मुंबई उच्च न्यायालयाने 2017 च्या नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात स्पष्ट केलंय की नव्या तारखेने करारातली तारीख पुसली जात नाही. तक्रार ऑनलाइन करता येते. मात्र या पैशांवर भाड्याचं गणित मांडू नका; आदेश झाला तरी बिल्डरने पैसे न दिल्यास वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाप्रमाणे होते, आणि त्यात वेळ जातो.

या आठवड्यात बिल्डरला एक ईमेल पाठवा. करारातली तारीख, भरलेली रक्कम आणि व्याजाची मागणी लिहा, ओसीसाठी अर्ज कधी केला ते विचारा. तोंडी दसऱ्याची गोष्ट त्याच्याकडून लेखी येऊ द्या. आणि ताब्याच्या दिवशी पुढे केलेल्या कागदात "माझी कोणतीही तक्रार वा मागणी उरलेली नाही" असं वाक्य सापडलं, तर ते खोडून, "विलंबाच्या व्याजाचा हक्क राखून ताबा घेतला" असं स्वतःच्या अक्षरात लिहा, मगच सही करा. त्या पानाचा फोटो तिथल्या तिथे काढून ठेवा.