‘कोच’ची व्युत्पत्ती शोधताय? सुरुवात इथून करा

शब्दांची मुळं शोधायला बसलात आणि पहिला शब्द म्हणून ‘कोच’ घेतलात, तर निवड झकास आहे. पण ‘शिकवणारा’ या अर्थापासून सुरुवात करू नका, तो बराच नंतरचा. आधी सर्वांत जुना अर्थ धरा: घोडागाडी.

हंगेरीत कोच नावाचं गाव आहे. पंधराव्या शतकात तिथल्या गाड्या नावाजलेल्या होत्या. कोचची ती ‘कोची’, जशी पैठणची पैठणी. (तिकडे आजही मोटारीला कोचीच म्हणतात.) जर्मन-फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला. 1830च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी खासगी शिकवणाऱ्याला थट्टेने ‘कोच’ म्हणायला सुरुवात केली: परीक्षेच्या पलीकडे वाहून नेणारी गाडी! खेळातला कोच त्यानंतरचा, 1860च्या दशकातला. आपले कोचिंग क्लास आणि रेल्वेचा कोच असे एकाच घरातले.

नवखे हमखास फसतात ते इथे:

- उच्चार जुळला की नातं जोडतात. दिवाणखान्यातला ‘कोच’ वेगळा. तो इंग्रजी ‘काउच’वरून आला, मूळ फ्रेंच ‘कुशे’, म्हणजे आडवं होणं. गाडीशी त्याचा काडीचाही संबंध नाही.
- आद्याक्षरांची फोड खरी मानतात. प्रत्येक अक्षराला एकेक सद्गुण चिकटवलेला तक्ता दिसला की सरळ पुढे जा. असले तक्ते शब्दानंतर रचलेले असतात.
- अर्थ लिहितात, साल लिहीत नाहीत. वहीत तीन रकाने पाडा: अर्थ, पहिली नोंद, भाषा. साल नसेल तर कुठला अर्थ कशातून निघाला हे ठरवायचं कसं?

ध्वनिबदलाचे नियम सध्या राहू द्या. पुढचा शब्द ‘ट्रेन’ घ्या, तिथेही गाडी आणि शिकवणं दोन्ही आहे. मूळ अर्थ ओढणं.