सख्ख्या भावाचा एचएलए (पेशींवरची ओळखखूण) अर्धाच जुळला, तर ल्युकेमियात (रक्ताच्या कर्करोगात) त्याच्या स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) चालतात का?

चालतात. भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्केच, अर्धं जुळण्याची ५०. पूर्वी अडचण ही, की दात्याच्या टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) रुग्णाच्या शरीरावरच उलटायच्या. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये यावर तोडगा निघाला: पेशी चढवल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध, सहसा दर वेळी वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅम. उलटलेल्या टी-पेशी तेव्हा झपाट्याने विभागत असतात, म्हणून औषधाचा मारा मुख्यतः त्यांच्यावरच होतो. स्टेम सेलमध्ये हे औषध निकामी करणारं एन्झाइम भरपूर असतं, त्या तगतात. हे औषध देण्याआधी ताप बऱ्याचदा येतो, पण तो उतरवायला स्टेरॉइड देणं टाळतात. टी-पेशी थंडावल्या तर औषधाचा नेम चुकतो. प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमसही म्हणूनच सहसा पाचव्या दिवसापासून. लघवीतून रक्त जाऊ नये यासाठी सलाइन आणि मेस्ना (मूत्राशय जपणारं औषध), ते ठरलेलंच.

डॉक्टरांना एक मात्र आवर्जून विचारा: रुग्णाच्या रक्तात या दात्याविरुद्ध अँटिबॉडी आहेत का? जास्त असतील तर ग्राफ्ट, म्हणजे चढवलेल्या पेशी, न धरण्याची शक्यता बरीच वाढते. बाळंतपणं झालेल्या किंवा वरचेवर रक्त चढवलेल्या रुग्णांत हा धोका मोठा. आईला मुलाच्या पेशी द्यायच्या असतील तर ही तपासणी झाल्याशिवाय पुढे जाऊच नका.