चापट मारली की चालू होणारा कॉम्प्युटर

प्रश्न : मे महिन्यात आम्ही कळव्याहून ऐरोलीला राहायला आलो. कॉम्प्युटर टेम्पोत गाद्यांच्या मध्ये आडवा घालून आणला. तेव्हापासून बटण दाबलं की बरेचदा नुसतं टूं-टूं वाजतं आणि स्क्रीन काळीच राहते. मग आमचे हे सीपीयूला बाजूने एक चापट मारतात आणि पुढच्या खेपेला तो चक्क चालू होतो! शिवाय तो टेबलाखाली जमिनीवर आहे, त्यामुळे अभ्यासाला बसलेल्या नातवाचे पाय सारखे त्यावर आपटतात. मशीन दहा वर्षांचं आहे. अशा धक्क्यांनी ते बिघडतं का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, नातवाचं नंतर बघू, आधी यजमानांचा हात थांबवा.

चापटीने मशीन चालू होतं म्हणजे बहुधा आत काही तुटलेलं नाही, सैल झालंय. बहुतेक रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची तात्पुरती मेमरी. टेम्पो विटाव्याच्या पुलाखालच्या खड्ड्यांतून आला असेल तर मला अजिबात नवल वाटणार नाही. रॅमची पट्टी खाचेत उभी खोचलेली असते. एका बाजूने किंचित उचलली गेली तरी मशीन बीप देऊन गप्प बसतं. त्यात आपली खाडीकाठची दमट हवा आणि दहा वर्षांची धूळ.

मागची वायर काढा, मग पॉवरचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. झाकण उघडा, कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावा आणि टोकाचे खटके बाजूला करून पट्टी सरळ वर ओढा. तिची पिवळी कड नातवाच्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, भुगा झटका आणि परत बसवताना खटका ‘खट्’ वाजेपर्यंत दाबा. नवखे लोक भीतीने हलकेच ठेवतात आणि तिथेच फसतात. सोबत हार्ड डिस्कच्या, म्हणजे फोटो आणि फाइली जिच्यावर साठतात तिच्या, वायरीही एकदा दाबून घ्या.

आता चापटीचं. दहा वर्षांच्या मशीनमध्ये बहुधा फिरती हार्ड डिस्क असणार. तिच्या तबकड्या मिनिटाला सहसा 7200 फेरे घेतात आणि वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. आपला केस त्याच्या हजारो पट जाड. मशीन बंद केलं की हेड बाजूला जाऊन बसतं, म्हणून बंद डिस्क चालू डिस्कच्या कितीतरी पट धक्का सोसते. टेम्पोच्या खड्ड्यांतून ती निभावली ती त्यामुळेच. पण तुमच्याकडे बटण दाबल्यावर, म्हणजे डिस्क फिरू लागल्यावर, चापट बसते!

हे मी स्वतः भोगलंय. 2011 साली नौपाड्यातल्या माझ्या दुकानात, मागची एक वायर लावायची म्हणून चालू कॅबिनेट उचलून वळवलं. हातातून निसटलं, फार तर चार बोटांवरून टेबलावर आदळलं. मिनिटभराने आतून टिक... टिक... टिक... सुरू झालं. दोन महिन्यांची बिलं त्यात होती, एकही परत मिळालं नाही. बायको अजून तो विषय काढते.

नातवाच्या पायाने सहसा काही होत नाही, तेवढं डिस्क सोसते. मात्र चालू कॅबिनेट कलंडलं तर कठीण. ते टेबलाच्या कोपऱ्यात सरकवा, खाली एक जुना लाकडी पाट ठेवा, लादी पुसतानाचं पाणीही लागणार नाही. मागचा पंखा भिंतीला चिकटू देऊ नका.

आडवा आणलात ते, मदरबोर्डची (आतल्या मुख्य सर्किट बोर्डाची) बाजू खाली असेल तर, उत्तमच केलंत. उभ्या डब्यात जड ग्राफिक्स कार्ड आणि पंखा लोंबकळत हिसके खातात.

आज मशीन चालू झालंच, तर आधी फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर उतरवा, खोडरबर मग. पुढेमागे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपांवर साठवण करणारी डिस्क, बसवून घ्या. तिच्यात फिरणारं काहीच नसतं.

रॅम नीट बसवूनही टूं-टूं राहिलं, तर किती वेळा वाजतं, आवाज लांब की आखूड, आणि मदरबोर्डवर छापलेलं नाव एवढं कळवा. त्या आवाजांवरून बिघाड कुठे आहे याचा अंदाज लागतो.